स्कीचा प्रेस घरी बांधायचा तर कुठला? व्हॅक्यूम, बोल्ट की हवेचा होज

गेल्या हिवाळ्यापासून ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: स्की घरी बनवायच्या तर प्रेस, म्हणजे स्कीचे थर दाबून चिकटवणारं यंत्र, कुठला बांधू? तिघंही इथेच, डेन्व्हरच्या आसपास राहतात. तिघांकडे गॅरेज आहे. आणि तिघांनाही वाटतं की एकदा ‘ॲडजस्टेबल’ प्रेस उभा केला की लांब, आखूड, मऊ, कडक, पाहिजे तशा स्की त्यातून निघतील. मी सहा वर्षांत तीन पद्धतींनी मिळून अकरा जोड्या दाबल्या: तीन व्हॅक्यूमनं, एक बोल्टांनी, सात हवेच्या होजनं, म्हणजे हवा भरलेल्या रुंद नळीनं. त्या जोरावर माझं मत आधीच सांगून टाकतो. चौकट कधीही हलती ठेवू नका, हलता ठेवायचा तो साचा, म्हणजे ज्यावर स्कीला आकार येतो तो भाग. आणि पहिली जोडी हातून निघेपर्यंत वेल्डिंगला हात लावू नका.

आता हे का, ते सविस्तर.

स्की म्हणजे थरांची वस्तू. तळाला बेस, म्हणजे यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीनची सव्वा मिलिमीटर जाडीची मेणचट पट्टी. तिच्या कडेनं पोलादी एज, एजवर पातळ रबर. मग फायबरग्लासचं कापड, त्यावर लाकडाचा गाभा, पुन्हा कापड आणि सर्वांत वर टॉपशीट. गाभा मॅपल, ॲश, पॉप्लर अशा लाकडाच्या उभ्या पट्ट्या चिकटवून करतात. तो पायाखाली ११ मिमीच्या आसपास जाड आणि टोकांकडे २ मिमीपर्यंत तासलेला असतो. हे सगळं इपॉक्सीनं, म्हणजे दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदानं, चिंब. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत प्रेसनं दोन कामं करायची: सगळीकडे सारखा दाब ठेवायचा, आणि आकार द्यायचा. आकार म्हणजे पुढचं-मागचं टोक वर वळलेलं आणि मधला भाग किंचित कमानदार. त्या कमानीला कॅम्बर म्हणतात. तो बहुधा ५ ते १० मिमी असतो.

दाब थोडा कमी असला तरी चालतो, असमान मात्र चालत नाही. कारण साधं आहे. एका जागी जास्त इपॉक्सी साठून ११ मिमीची जाडी १२ झाली तर तेवढा भाग वीस ते तीस टक्के जास्त ताठ होतो. जोडीतली एक स्की तशी निघाली तर उतारावर एक पाय वळतो आणि दुसरा ऐकत नाही. पुढची सगळी तुलना याच कसोटीवर आहे. दाबाचा मोठा आकडा पाहून कुठलाच प्रेस निवडू नका.

व्हॅक्यूम बॅग

यात प्रेस असा नसतोच. लाकडाचा एकतर्फी साचा, त्यावर स्कीचे थर, वरून प्लॅस्टिकची पिशवी, कडेनं चिकट सीलंट टेप, आणि पिशवीतली हवा ओढणारा पंप. पिशवी रिकामी होत गेली की बाहेरची हवाच स्कीला साच्यावर दाबते. हवेचा दाब जिथे तिथे सारखा, म्हणून आपली कसोटी ही पद्धत सहज पार करते. गर्डर नाहीत, बोल्ट नाहीत. साचा आणि पिशवी एकमेकांनाच धरून असतात, त्यामुळे चौकट वाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

ही युक्ती जुनी आहे. बाल्टिमोरच्या विमान कारखान्यात काम केलेल्या हॉवर्ड हेडनं १९४७ मध्ये ॲल्युमिनियम आणि प्लायवूडच्या स्की अशाच चिकटवल्या होत्या: रबरी पिशवी, हवा ओढायला जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर, आणि उष्णतेसाठी मोटारींतून काढलेल्या वापरलेल्या तेलाची कढई. त्याच्या पहिल्या सहा जोड्या व्हरमाँटमधल्या स्टो इथे मोडल्या. तो करत राहिला, आणि १९५० पासून त्याच्याच धातूच्या स्कींनी लाकडी स्कींची सद्दी संपवायला सुरुवात केली. पिशवी आणि पंप एवढ्यावर चांगली स्की होऊ शकते याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मर्यादाही हवेचीच आहे. समुद्रसपाटीला वातावरण आपल्याला जेमतेम १ बार देतं, १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). डेन्व्हर १६०० मीटरवर आहे, इथे ०.८३ बार. व्हॅक्यूमचा गेज पाऱ्याच्या इंचांत मोजतो; पहिल्या वेळी माझ्या गेजचा काटा २४ इंचांच्या पुढे सरकेना. मी तासभर पिशवीच्या कडेनं कान लावून गळती शोधत होतो. गळती नव्हतीच. इथल्या हवेत त्याहून जास्त काही शिल्लकच नव्हतं; पुस्तकी २९ इंच समुद्रकिनाऱ्याचे. गुलमर्गला २६५० मीटरवर हे ०.७३ बारपर्यंत येतं, लेहला ०.६६ च्या आसपास. हिमालयात कुणी मराठी माणूस स्की बनवायचं म्हणत असेल तर त्यानं हे आधी लक्षात घ्यावं: बर्फ जिथे जास्त, तिथे व्हॅक्यूम कमी.

माझ्या गॅरेजमध्ये प्रत्यक्षात ०.७५ बार मिळतो. स्कीचं क्षेत्रफळ साधारण ०.२ चौरस मीटर धरलं तर एकूण भार दीड टन. लाकूड आणि फायबरग्लासच्या साध्या स्कीला तेवढा पुरतो. पुरत नाही तो टोकांना. पोलादी एज सरळ राहायला बघते, टोकाच्या वळणावर ती साच्यापासून केसभर सुटते आणि त्या फटीत इपॉक्सी साठते. म्हणून व्हॅक्यूमवर काम करायचं तर एज आधी हातानं किंवा रोलरमधून अचूक वाकवून घ्या, साच्यावर नुसती ठेवली तरी बसली पाहिजे. गाभाही तसाच काटेकोर तासलेला हवा. व्हॅक्यूम चुका झाकत नाही.

आणखी दोन गोष्टी. इपॉक्सी ढवळताना शिरलेले बुडबुडे व्हॅक्यूममध्ये फुगतात. बाहेरून दाबणाऱ्या प्रेसमध्ये तेच चिरडले जातात. त्यामुळे इपॉक्सी सावकाश ढवळायची आणि कापडावर रोलर मन लावून फिरवायचा. दुसरी गोष्ट एजच्या टोकाची. माझ्या दुसऱ्या जोडीच्या वेळी रात्री अकराला २४ इंचांवर सोडलेला काटा सकाळी सहाला ९ वर होता. एजचं कापलेलं टोक पिशवीला लागलं होतं आणि तिथे टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं. जवळ गेल्यावर बारीक ‘सूंऽऽ’ ऐकू येत होतं. इपॉक्सी तोवर अर्धी घट्ट झाली होती. त्या स्कीच्या शेपटीकडे वीतभर भाग आजही पोकळ वाजतो. तेव्हापासून प्रत्येक कोपऱ्यावर मी जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवतो, आणि पहिले चार तास पंपाजवळून हलत नाही.

खर्च? माझ्या वहीप्रमाणे पंप, गेज, टेप, पिशव्या आणि साच्याचं लाकूड मिळून ३५० डॉलरच्या आत. पंप एसी दुरुस्तीवाले वापरतात तो. वेळ, एक शनिवार-रविवार.

बोल्ट आणि लाकडाच्या तुळया

हा पर्याय कागदावर फार आकर्षक दिसतो. वर-खाली साचा, दर १५ सेंटिमीटरवर आडवी जाड तुळई, दोन्ही बाजूंना आट्यांचे रॉड, आणि पाना. भार तर भरपूर मिळतो: १२ मिमीचा एक बोल्ट २० न्यूटन-मीटरला आवळला तर सुमारे ८०० किलोचा जोर देतो. असे सव्वीस बोल्ट. भार कमी पडायचा सवालच नाही.

पण तो आकडा फसवा आहे. त्याच पान्यानं, तेवढ्याच ताकदीनं आवळलेले दोन बोल्ट सारखा जोर देत नाहीत. एकाच्या आट्या तेलकट, दुसऱ्याच्या कोरड्या, एवढ्यानंही पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय इपॉक्सी बाहेर येते, तुळई दबते, आणि दहा मिनिटांत सगळे बोल्ट सैल. पुन्हा आवळा. एक आवळला की शेजारचा ढिला. मी आणि बायको दोघं मिळून दोन्ही बाजूंनी पाना फिरवत होतो, तरी त्या जोडीच्या बेसवर तुळयांच्या जागा दिसल्या. बोटानंही कळतात.

वरच्या साच्याखाली रबराचा जाड थर घालून हे सुधारता येतं, लहान मुलांच्या आखूड स्कीला चालूनही जाईल. पण मोठ्या माणसाच्या स्कीसाठी मी हा मार्ग कुणाला सुचवणार नाही. यातून वाचलेले पैसे लाकूड-कापडाच्या वाया गेलेल्या एका जोडीत जातात. बोल्टांऐवजी चार-सहा बाटली जॅक लावले तरी रोग तोच: ठरावीक ठिकाणी जोर, मधे पोकळी.

हवेचा होज

खरा प्रेस हा. खाली पोलादी गर्डर, त्यावर साचा, साच्यावर स्की. वर दुसरा साचा आणि गर्डर. आणि वरचा साचा व स्की यांच्यामधे अग्निशमनवाले वापरतात तसा, रिकामा असताना चपटा पडणारा ६ इंची होज, दोन्ही तोंडं बंद केलेला. त्यात कॉम्प्रेसरनं हवा भरायची. होज फुगायला बघतो, गर्डर त्याला फुगू देत नाहीत, आणि सगळा दाब स्कीवर उतरतो. होज मऊ असल्यानं तो उंचसखल भागावर सारखाच बसतो. म्हणजे व्हॅक्यूमचा एकसारखेपणा आणि वर तिप्पट-चौपट दाब, असा दोन्हीकडचा फायदा.

होज आणि स्कीच्या मधे एक ‘कॅटट्रॅक’ लागतो: पोलादी किंवा लाकडी आडव्या पट्ट्या एकापुढे एक ओवलेला पट्टा, रणगाड्याच्या साखळीसारखा. तो लांबीत वाकतो, रुंदीत वाकत नाही. तो नसेल तर होज स्कीच्या कडांवरून खाली ओघळतो आणि टॉपशीट मधे फुगल्यासारखी दिसते.

आकडे बघा, कारण चौकट किती मजबूत हवी ते त्यातूनच ठरतं. साच्यांमधली फट २.५ सेंमी ठेवली तर ६ इंची होज सुमारे २० सेंमी रुंदीत टेकतो. लांबी २ मीटर. ४० पीएसआय भरले की ११ टन. एकावर एक बारा स्विफ्ट गाड्या रचल्यासारखं आहे ते, आणि तुमच्या गॅरेजमध्ये. फट वाढवली की होज गोल होत जातो, टेकण्याची रुंदी घटते आणि दाब टोकांवरून निसटतो. म्हणून फट लहान ठेवणं हे दाब वाढवण्यापेक्षा महत्त्वाचं. आणि कॅटट्रॅक रुंदीत ताठ असल्यामुळे २० सेंमीवरचा भार ११ सेंमीच्या स्कीवर एकवटतो. गेजवर ४० दिसले तरी स्कीला सरासरी ७० च्या वर बसतात. गेजवर ६०-७० पीएसआय मिरवण्यात काही अर्थ नाही.

चौकटीबद्दल माझ्या वडिलांचं ऐका. बाबांची कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं फॅब्रिकेशनची शेड होती. मी त्यांना व्हिडिओवर माझं पहिलं चित्र दाखवलं: टोकांना दोनच खांब, आणि खांबांना भोकांची रांग, म्हणजे वरचा गर्डर पाहिजे तसा वर-खाली करता येईल. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “हे भोकं-बिकं कशाला रे? भोक आलं की ढिलाई आली. आन् दोनच खांब? मधी वाकंल की.” मी म्हटलं, “बाबा, आठ इंची गर्डर आहेत, जोडीनं.” ते म्हणाले, “असूदेत. तू हिशेब घाल, मग बोलू.”

हिशेब घातला. ८ इंची दोन गर्डर जोडीनं, फक्त टोकांना बांधलेले, ११ टनांखाली मधोमध सव्वा मिलिमीटर वाकतात. वरचे वाकले तर बिघडत नाही, कारण होज तेवढा अजून फुगून ती जागा भरून काढतो. खालचे वाकले की मात्र ते थेट स्कीच्या कॅम्बरमध्ये उतरतं: साच्यात १० मिमी, हातात ९. गर्डर जाड करत बसण्यापेक्षा खांब वाढवणं स्वस्त पडतं, कारण दोन आधारांतलं अंतर निम्मं केलं की वाकणं सोळाव्या हिश्श्यावर येतं. मी दर ५० सेंमीला एक, असे रॉडचे पाच जोड लावले, २० मिमीचे, उंची कायमची ठरवून. त्यानंतर वाकणं माझ्या मोजपट्टीवर दिसलेलं नाही.

त्याचा एक तोटा आधीच सांगायला हवा, कारण जागा ठरवताना तो अडतो. बाजूंना रॉड आले की स्की बाजूनं आत ठेवता येत नाही, टोकाकडून सरकवावी लागते. म्हणजे प्रेसची २.२ मीटर लांबी आणि पुढे तेवढीच मोकळी जागा. गाडी आत ठेवून हे जमणार नाही.

होजची तोंडं बंद करायला दुमडून दोन पोलादी पट्ट्यांत चार बोल्टांनी आवळायची. आणि पहिली चाचणी पाण्यानं घ्या, हवेनं कधीही नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे तोंड सुटलं तरी फक्त पाय भिजतात. हवा सुटली तर पट्टी गोळीसारखी उडते. साचा जागेवर नसताना होजमध्ये हवा भरायची नाही, रेग्युलेटरच्या पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, आणि दाब चढत असताना प्रेसच्या टोकासमोर कुणी उभं राहायचं नाही. माझी मुलगी मदतीला असते, तिची जागा मी जमिनीवर पिवळ्या टेपनं आखून दिली आहे.

साचा: खरी गोष्ट इथे आहे

चौकट कायमची झाली. मग लांबी, कॅम्बर, टोकाचं वळण हे बदलणार कसं?

पहिला मार्ग, प्रत्येक स्कीला वेगळा साचा. १८ मिमी एमडीएफचे (लाकडाच्या भुश्याच्या दाट फळीचे) दहा-अकरा थर चिकटवून, टेम्प्लेटवर राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं यंत्र, फिरवून. साचा उत्तम होतो, दाबाखाली हलत नाही. पण प्रत्येक नव्या कल्पनेला नवा साचा, आणि माझ्या गॅरेजमध्ये तीन साचे भिंतीला टेकून उभे राहिल्यावर चौथ्याला जागाच उरली नाही. एकच मॉडेल दहादा काढायचं असेल तर मात्र यापेक्षा चांगलं काही नाही.

दुसरा मार्ग इंजिनिअर माणसाला लगेच भुरळ घालतो: पातळ ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्याखाली दर १५ सेंमीला आडवा दांडा, दांड्याखाली दोन स्क्रू. स्क्रू फिरवा आणि पाहिजे तो वक्र काढा, टोकापासून शेपटीपर्यंत. मी हेच केलं होतं. ३ मिमीची पट्टी, कारण टोकाच्या वळणावर वाकली पाहिजे. ती जोडी प्रेसमधून निघाली तेव्हा दिसायला सुरेख होती. मग बेसवर पोलादी पट्टी आडवी न ठेवता लांबीत ठेवली आणि मागून टॉर्च मारला. उजेडाच्या फटी दिसल्या, एकाआड एक, बरोबर १५ सेंमीवर. जणू पन्हळी पत्रा.

हिशेब मी नंतर केला, तो आधी करायला हवा होता. ४० पीएसआयखाली ३ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी १५ सेंमीच्या दोन आधारांमधे सव्वादोन मिलिमीटर खचते. तीच पट्टी १० मिमीची घेतली तर खचणं ०.०६ मिमी, म्हणजे काहीच नाही. मग १० मिमी वाकणार कशी? इथेच उत्तर आहे. कॅम्बरचं वळण फारच सौम्य असतं: १२० सेंमीत ८ मिमी, म्हणजे २२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. १० मिमीची पट्टी तेवढी २५-२६ किलोच्या जोरानं वाकते, आणि सोडली की सरळ होते. टोकाचं वळण मात्र अर्ध्या मीटरच्या आसपासच्या त्रिज्येचं. तिथे ती पट्टी वाकणारच नाही.

म्हणून मी शेवटी टिकवलेला साचा तीन भागांचा आहे, आणि घरी बांधणाऱ्याला मी हाच सुचवेन. मधला १२० सेंमीचा भाग जाड पट्टीचा, उंची बदलता येणारा. दोन्ही टोकं एमडीएफच्या कायमच्या ठोकळ्यांची. टोकांच्या ठोकळ्यांचे माझ्याकडे तीन जोड आहेत, ते सरकवून बसवायचे, मधल्या जागेत लांबीप्रमाणे सपाट तुकडे भरायचे. १६५ ची स्की, १८० ची स्की, मुलीची १४० ची, सगळ्या याच साच्यावर झाल्या; मुलीच्या वेळी मधल्या भागासाठी वेगळी, आखूड पट्टी कापून घेतली. सांध्यांवर शेवटी १ मिमीचा ॲल्युमिनियमचा अखंड पत्रा अंथरायचा, म्हणजे बेसवर रेघ उठत नाही.

स्क्रूही मी काढून टाकले. प्रत्येक दांड्यावर दाबाखाली ८००-८५० किलो येतात, आणि चेकनट लावूनही स्क्रू दर जोडीला पाव-अर्धा फेरा फिरलेला सापडायचा. त्याऐवजी आता पॅकिंग देतो: ०.५, १, २ आणि ५ मिमीच्या पोलादी पट्ट्या. ८ मिमीच्या कॅम्बरला मधोमध ८, मध्यापासून १५ सेंमीवर साडेसात, ३० वर ६, ४५ वर साडेतीन, ६० वर शून्य. दोन्हीकडे सारखंच. हे आकडे मी दांड्यांवर मार्करनं लिहून ठेवले आहेत. पॅकिंग फिरत नाही, सैल होत नाही, आणि पुढच्या वर्षी तीच स्की पुन्हा काढायची तर वही उघडून तशीच रचता येते. स्क्रूच्या फेऱ्यांबद्दल असं म्हणता येत नाही. बाबांच्या शेडमध्ये कुठलंही मशीन बसवताना पायाखाली असंच पॅकिंग दिलेलं मी लहानपणापासून बघत आलो होतो.

एक धोक्याची जागा: खालचा साचा बदलला की वरचाही बदलायला हवा. कॅम्बरमधला ४-५ मिमीचा फरक होज निमूट सामावून घेतो. टोकाचा ठोकळा १० सेंमी सरकवला आणि वरचा तसाच राहिला तर मात्र तिथे फट मोठी होते, होज गोल होतो आणि टोकाला दाबच पोचत नाही. म्हणून टोकाचे ठोकळे नेहमी वर-खाली जोडीनं बनवायचे आणि जोडीनंच सरकवायचे. ॲडजस्टेबल साच्याची खरी किंमत ही आहे. व्हॅक्यूममध्ये वरचा साचाच नसल्यामुळे ही किंमत द्यावी लागत नाही. तोच तीन भागांचा साचा तिथे अर्ध्या कष्टात चालतो. आज व्हॅक्यूमनं सुरुवात करून पुढे होजकडे जायचा विचार असेल तर साचा पहिल्यापासून तीन भागांचाच करा, तो वाया जात नाही.

उष्णता

कोलोरॅडोतल्या गॅरेजमध्ये जानेवारीत ५ अंशांवर इपॉक्सी घट्ट होत नाही. व्हॅक्यूमला साच्याभोवती थर्मोकोलची पेटी आणि आत लहान हीटर पुरतो, रात्रभर ठेवायचं. होजच्या प्रेसला सिलिकॉनची तापणारी चादर बसवली की, त्यासाठी योग्य इपॉक्सी घेतल्यास, ८० अंशांवर तासाभरात काम होतं. पण चादर वर आणि खाली दोन्हीकडे हवी. एकट्या खालच्या चादरीनं बेस जास्त तापतो, थंड होताना तीच बाजू जास्त आकसते आणि न मागितलेला कॅम्बर पदरात पडतो. माझ्या वहीत होजच्या प्रेसचा खर्च १९०० डॉलर आहे, त्यातले ७०० या दोन चादरी आणि त्यांच्या कंट्रोलरचे. गर्डर मला भंगारात मिळाले म्हणून एवढ्यात भागलं.

मग कुणी काय घ्यावं

एक किंवा दोन जोड्या बनवून बघायच्या आहेत, हात बसलेला नाही, तर व्हॅक्यूम. इथे मला जराही शंका नाही. पहिल्या जोडीत चुका प्रेसच्या नसतातच. गाभा तासण्यात, एज वाकवण्यात, इपॉक्सीच्या मापात असतात, आणि ३५० डॉलरमध्ये त्या शिकून होतात. माझी व्हॅक्यूमची तिसरी जोडी मी अजून लव्हलँडच्या स्की-उतारांवर नेतो. मऊ बर्फात ती होजच्या जोड्यांच्या बरोबरीनं चालते, कडक बर्फावर थोडी कमी पडते.

वर्षाला दोन-तीन जोड्या काढायच्या, मित्रांच्या मापाप्रमाणे लांबी आणि कॅम्बर बदलायचा, तर होज. बांधायला मला चार महिन्यांचे शनिवार-रविवार लागले. ज्यानं कधी वेल्डिंग केलेलं नाही त्यानं चौकट फॅब्रिकेटरकडून करून घ्यावी, त्यात कमीपणा नाही. साचा मात्र स्वतः करावा.

ॲल्युमिनियमचे पत्रे घातलेली जड, ताठ स्की हवी असेल तर व्हॅक्यूमवर प्रयत्न करू नका. हेडनं केलं हे खरं, पण त्याच्याकडे समुद्रसपाटीची हवा आणि उकळतं तेल होतं.

आणि भाड्याच्या घरात राहत असाल तरी होजच्या प्रेसवर फुली मारू नका. तो वेल्डिंग न करता सगळा नट-बोल्टवर बांधता येतो. माझा भरून ३०० किलोच्या वर जातो, पण सुटा केला की सर्वांत जड तुकडा म्हणजे २.२ मीटरचा एक गर्डर, ५६ किलो. दोन वर्षांपूर्वी घर बदललं तेव्हा दोघांनी एका दुपारी तो व्हॅनमध्ये चढवला, आणि नव्या गॅरेजमध्ये उभा केल्यावर पॅकिंग वहीप्रमाणे लावून तीच १८० ची स्की काढली. कॅम्बर अर्धा मिलिमीटरसुद्धा हलला नव्हता.